ब्रॉन्किओलायटिस: बाळ गंभीर होतंय का, हे घरी कसं तपासायचं

पावसाळा सरत आला की ओपीडीत दिवसभर एकच वाक्य कानावर पडतं: "मॅडम, छाती भरलीय, खोकला खूप आहे, पण ताप नाही." अशा आईला मी चार गोष्टी विचारते. नाक वाहायला लागून आज कितवा दिवस? मिनिटाला श्वास किती? कालपासून दूध किती गेलं? शेवटची शू कधी झाली? बहुतेक वेळा चारांपैकी एकाचंही नेमकं उत्तर मिळत नाही. बाळाला दवाखान्यात ठेवावं लागेल की घरी सांभाळता येईल, हे मात्र मुख्यतः या चार उत्तरांवरच ठरतं.

सात आठवड्यांचं एक बाळ मला विसरता येत नाही. खोकला जवळपास नव्हताच, म्हणून घरचे थांबले होते. दुपारपासून दूध सोडलं होतं. "आज गुणाचं झोपलंय," असं आजी सांगत होत्या. टेबलावर निजवून झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि मधेच श्वास थांबत होता. ऑक्सिजनवर पाच दिवस काढून ते सुखरूप घरी गेलं. पण झबलं सकाळीच कुणी वर केलं असतं, तर ते सकाळीच दवाखान्यात पोचलं असतं.

आजाराविषयी कामापुरतं एवढं लक्षात असू द्या. ब्रॉन्किओलायटिस दोन वर्षांखालच्या बाळांना होतो. बहुतेकदा कारण असतं आरएसव्ही नावाचा विषाणू. फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजतात, त्यात चिकट स्राव अडकतो आणि बाळाला श्वासासाठी जास्त ताकद लावावी लागते. सूज उतरवणारं औषध नाही, ती आपोआप उतरते. तोवर बाळाचा दम टिकतोय का, दूध पोटात जातंय का, एवढंच पाहायचं असतं.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. क्रम उलटला की आकडे चुकतात.

## पूर्वतयारी

सेकंद दिसणारं घड्याळ किंवा मोबाइलचा स्टॉपवॉच, थर्मामीटर, वही-पेन, मेडिकलमधून आणलेले मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आणि माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवा. खिडकीजवळचा उजेड उत्तम, रात्री ट्यूबलाइट. पिवळ्या मंद बल्बखाली ओठांचा रंग कळत नाही.

दोन माणसं असली तर बरं. एकाने बाळ मांडीवर घ्यायचं, दुसऱ्याने मोजायचं.

थांबा: ओठ किंवा जीभ निळी पडली असेल, श्वास मधेच थांबत असेल, किंवा बाळ उठवूनही उठत नसेल, तर पुढचं काही मोजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघायची तयारी करा.

## १. आजाराचा दिवस ठरवा

नाक वाहायला लागलं तो पहिला दिवस. खोकला सुरू झाला तो दिवस धरू नका, डॉक्टरांना दाखवलं तो तर नाहीच. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

पहिले एक ते तीन दिवस साधी सर्दी वाटते. मग खोकला, घरघर आणि धाप येते. त्रास सर्वांत जास्त असतो तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, त्यानंतर उतार पडू लागतो. म्हणून एकाच आकड्याचा अर्थ दिवसागणिक बदलतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्वास ५२ असेल, तर चढण अजून पुढे आहे. सहाव्या दिवशी तोच ५२ असेल आणि काल तो ५८ होता, तर बाळ उताराला लागलंय.

"दोन दिवसांपूर्वी डॉक्टरांनी छाती साफ आहे म्हणून सांगितलं" हे मला नेहमी ऐकवलं जातं. ती तपासणी त्या दिवसापुरती खरी होती.

तपासा: वहीच्या पानावर वरती "आज दिवस ..." असं लिहिलंय का?

## २. बाळ जास्त जोखमीचं आहे का ते पाहा

यातलं काही लागू असेल तर बाळ लवकर आणि अचानक बिघडू शकतं:

- वय तीन महिन्यांपेक्षा कमी
- दिवस भरण्याआधी जन्म, विशेषतः ३२ आठवड्यांच्या आत
- जन्मजात हृदयदोष
- जन्मानंतर फार दिवस ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेला, फुफ्फुसं नाजूक राहिलेली
- स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा आजार, डाउन सिंड्रोम
- प्रतिकारशक्तीचा आजार

घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा बाळाचा पाळणा चुलीच्या धुरात असेल, तर तेही वजनात धरा.

जन्म किती आठवड्यांचा होता हे आठवणीवर सोडू नका, कार्डावर किंवा डिस्चार्ज कागदावर बघा. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आज चार महिन्यांचं असलं, तरी श्वासाच्या बाबतीत त्याला लहानच समजा.

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. "वजन छान आहे, गुटगुटीत आहे" म्हणून घरचे निर्धास्त राहतात, पण हृदयदोष गुटगुटीतपणात दिसत नाही. आणि यादीतलं एकही लागू नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. या आजाराने भरती होणारी बरीचशी बाळं पूर्ण दिवसांची आणि एरवी निरोगी असतात. यादी एवढंच सांगते की कुणासाठी आपण लवकर उठायचं.

## ३. नाक मोकळं करा, मग बाळ शांत होऊ द्या

लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की श्वास वाढतो, दूध सुटतं, आवाज येतो, आणि हा सगळा त्रास छातीचा वाटतो. म्हणून मोजण्याआधी नाक.

प्रत्येक नाकपुडीत थेंब घाला, मिनिटभर थांबा आणि बाहेर आलेला शेंबूड मऊ कापडाने टिपून घ्या. रबरी फुग्याने ओढायचं तर अगदी हलक्या हाताने, आणि वारंवार नाही. सारखं ओढलं की आतून सूज येते. मग बाळाला खांद्यावर घेऊन दहा-पंधरा मिनिटं शांत होऊ द्या.

धोका: नाकात तेल सोडू नका. तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं आणि तिथे वेगळाच न्यूमोनिया करतं. घरी मीठ कालवून केलेलं पाणीही नको, त्याचं प्रमाण चुकतं.

ताप बघायचा तो याच वेळी. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, किंवा अंग ९५.९ च्या खाली गार पडलं असेल, तर बाकी सगळं ठीक दिसलं तरी थेट दवाखाना. मोठ्या बाळाला तापाने श्वास थोडा वाढतो. ताप उतरल्यावर पुन्हा मोजा, पण आकडा फार मोठा असेल तर ताप उतरायची वाट पाहत बसू नका.

## ४. श्वास मोजा, पूर्ण ६० सेकंद

झबलं छातीपर्यंत वर घ्या. नजर बेंबीच्या वर, बरगड्या संपतात तिथे ठेवा. पोट वर आलं की एक, पुन्हा वर आलं की दोन. हात ठेवायचा नाही, गार हात लागला की बाळ दचकतं आणि श्वास बदलतो. बाळ झोपलेलं किंवा शांत जागं असावं.

इथे चुका इतक्या होतात की त्या मी नावानिशी सांगते.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं. लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. काही सेकंद भराभर, मग थोडा थांबा, मग पुन्हा भराभर. पंधरा सेकंदांत नेमका भराभरचा भाग सापडला तर ७६ येतात, थांब्याचा सापडला तर ३६, आणि खरा आकडा ५४ असतो.

पोट वर एक आणि खाली दोन असं मोजणं. यात आकडा दुप्पट होतो. "मॅडम, शंभर आहेत" असा फोन आला की मी आधी हेच विचारते.

दूध पिताना, रडून झाल्या झाल्या, किंवा दोन झबली, कुंची आणि दुपट्यावरून मोजणं. या तिन्ही वेळचा आकडा टाकून द्या.

आता आकड्यांचा अर्थ:

- दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त: लगेच पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजा. पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना.
- दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त: आजच डॉक्टर.
- एक ते दोन वर्षं, ४० किंवा जास्त: आजच डॉक्टर.
- कोणत्याही वयात ६० च्या वर: भरतीची सोय असलेला दवाखाना.
- ७० च्या वर: तातडी, १०८.

तपासा: आकड्यापुढे वेळ लिहिली का? बाळ झोपेत होतं की जागं, तेही लिहा.

## ५. श्वासाला किती मेहनत पडतेय ते बघा

आकड्याइतकंच, माझ्या मते आकड्याहून थोडं जास्तच, या पायरीला महत्त्व आहे. बाळ अजून उघडंच आहे. मोजणं थांबवा आणि नुसतं बघा.

निरोगी बाळ श्वास घेतं तेव्हा छाती आणि पोट मिळून वर येतात. दमलेल्या बाळाचं पोट वर येतं त्याच क्षणी बरगड्यांची खालची कड आत ओढली जाते. शेवटच्या बरगडीखाली कुणी बोट दाबून धरावं तशी खाच उमटते, श्वास सोडला की पुसली जाते, पुढच्या श्वासाला पुन्हा उमटते. आपल्याकडे याला "पोट उडतंय" म्हणतात. पोट तर प्रत्येक बाळाचं उडतं, नजर बरगडीच्या कडेवर हवी. शंका वाटली तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि सावकाश बघा. डॉक्टरांना दाखवायलाही तो फार उपयोगी पडतो, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ रडत असतं.

मग वर या. गळ्याखालची खळगी आत जाते का? नाकपुड्या फुगतात का? श्वासाबरोबर डोकं वरखाली हलतं का? श्वास सोडताना दरवेळी "अंह, अंह" असं कण्हणं ऐकू येतं का? कण्हणं हे रडणं किंवा किरकिर नव्हे. फुफ्फुसं मिटू नयेत म्हणून बाळ श्वास अडवून धरतं, त्याचा तो आवाज असतो.

नाकपुड्या किंचित फुगणं आणि बरगड्यांमध्ये हलकी ओढ असेल तर आज डॉक्टर. बरगड्यांखाली स्पष्ट खाच, डोकं हलणं किंवा कण्हणं, यांतलं एक जरी दिसलं तरी दवाखाना, श्वासाचा आकडा काहीही असो.

धोका: दिवसभर धापणारं बाळ अचानक शांत झालं, घरघर थांबली, श्वास मंदावला, तर त्याला बरं वाटतंय असं लगेच समजू नका. ते जागं होऊन बघतंय का, पितंय का? होय असेल तर आनंदच आहे. मान टाकत असेल, पीत नसेल, तर ते थकलंय. ही सगळ्यात धोक्याची वेळ.

## ६. दूध आणि शू यांचा हिशेब घाला

"पितंय थोडंथोडं" या उत्तराने काहीच कळत नाही. मागच्या २४ तासांचा हिशेब घाला.

बाटलीचं दूध असेल तर सोपं आहे. एरवी दिवसातून आठ वेळा ९० मिली, म्हणजे ७२० मिली. आज सहा वेळा जेमतेम ५०, म्हणजे ३००. हे निम्म्याहूनही कमी झालं, दवाखाना. नेहमीच्या तीन चतुर्थांशाखाली आलं की त्याच दिवशी डॉक्टर, निम्म्यावर आलं की दवाखाना.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं माप मिलीत मिळत नाही. आईने कान देऊन ऐकायचं, गिळण्याचा आवाज सलग किती वेळ येतो? एरवी दहा मिनिटं पिणारं बाळ दोन-तीन घोट घेऊन तोंड सोडतंय, धापतंय, रडतंय, पुन्हा धरतंय, असं दोन-तीन वेळा सलग झालं तर दूध खूपच कमी जातंय.

शूसाठी सुती लंगोट बांधा. आजकालचे डायपर इतकं शोषून घेतात की ओलं-कोरडं कळतच नाही, आणि "डायपर सकाळी बदलला होता" यापलीकडे कुणाला सांगता येत नाही. १२ तासांत लंगोट ओला झाला नाही, तर दवाखाना. तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, ही पुढची लक्षणं. त्यांची वाट पाहू नका.

घरी सांभाळण्याजोगं बाळ असेल तर थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा.

धोका: धापणाऱ्या बाळाला आडवं धरून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने बळेच पाजू नका. दूध श्वासनलिकेत जातं. श्वास ६० च्या वर असताना न पाजणं आणि निघणं हेच बरोबर.

## ७. रंग, शुद्ध, श्वासातले थांबे

सावळ्या बाळाचा निळेपणा गालांवर दिसत नाही. खालचा ओठ हलकेच ओढून आतली बाजू, हिरड्या आणि जीभ बघा. तळहात-तळपाय थंडीने निळसर होतात, त्यावरून घाबरू नका. जीभ निळी दिसली तर मात्र क्षणभरही थांबू नका.

श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबला पण रंग बदलला वा अंग सैल पडलं, तर ते गंभीर आहे. दोन महिन्यांखालच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात कधी कधी हेच पहिलं लक्षण असतं, खोकला नंतर येतो. तळपाय चोळून बाळाला जागं करा, मान सरळ ठेवा, १०८ ला फोन करा. नंतर श्वास सुरळीत झाला तरी दवाखान्यात न्यायचंच.

ऑक्सिमीटरबद्दल रोज विचारणा होते. कोविडच्या वेळी घेतलेला बोटाचा चिमटा बाळाच्या इवल्या बोटावर बसत नाही आणि त्याचा आकडा भरवशाचा नसतो. आरोग्य केंद्रात बाळांचा प्रोब पावलाला लावून, नाक साफ केल्यावर, आकडा स्थिर झाला की वाचावा. तो सतत ९० च्या खाली, आणि सहा आठवड्यांखालच्या किंवा मूळचा आजार असलेल्या बाळात ९२ च्या खाली राहिला, तर भरती. मशीनवर ९५ दिसत असताना बरगड्यांखाली खाच पडत असेल तर खाचेवर विश्वास ठेवा.

## ८. निर्णय आणि पुढची वेळ

आता वही समोर घ्या. नोंद अशी दिसायला हवी:

"दिवस ३. रात्री ९. वय ४ महिने, पूर्ण दिवसांचं. झोपेत श्वास ५४. बरगड्यांमध्ये हलकी ओढ, कण्हणं नाही. दूध ७२० पैकी ५००. शू ७ वाजता."

या बाळाला आज डॉक्टरांना दाखवायचं. तपासून घरी पाठवलं तर दर तीन-चार तासांनी चौथी ते सातवी पायरी पुन्हा करायची, रात्रीही. पाचवा दिवस उलटेपर्यंत रात्रीचा गजर लावून उठा. हेच बाळ दोन महिन्यांचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असतं, तर मी दवाखान्यात ठेवून बघितलं असतं.

अंतराचाही विचार करा. भरतीची सोय दोन तासांवर असेल, वाटेत घाट असेल, आणि बाळ तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काठावर असेल, तर अंधार पडायच्या आत निघा. निघण्याआधी फोन करून लहान बाळासाठी ऑक्सिजन आणि बालरोगतज्ज्ञ आहेत का ते विचारा. वाटेत बाळ आईच्या छातीशी उभं धरा, तोंड-नाक दुपट्याने झाकू नका.

## वाट पाहताना काय करायचं नाही

धुरी, ओव्याचा धूर, वाफारा, छातीला कापूर किंवा बाम, मध, चाटण, आणि पोटावर चटके, यांतलं काहीही नको. धुराने नळ्या आणखी आवळतात, वाफेने बाळं भाजतात, कापराने झटके येऊ शकतात, एक वर्षाखाली मध वर्ज्यच. खोकल्याचं औषधही नको. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलं आहे. घरात मोठ्या भावाची बाटली उरली असेल, तर ती आजच टाकून द्या.

दवाखान्यात अँटिबायोटिक, स्टेरॉइड, एक्स-रे किंवा नेब्युलायझरच्या वाफेचा आग्रह धरू नका. नेहमीच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये त्यांनी बाळ लवकर बरं होत नाही. लागलाच तर ऑक्सिजन, नाकातल्या नळीने दूध किंवा सलाइन, आणि सतत लक्ष. डॉक्टरांनी एवढंच केलं तर "काहीच औषध दिलं नाही" असं वाटून बाळ दुसरीकडे हलवू नका. १०२ फॅरनहाइटच्या वर ताप टिकला तर न्यूमोनियाची शंका घेऊन ते वेगळा विचार करतील.

## ९. घरी आल्यावर

दूध आणि श्वास बहुतेकदा पाच ते सात दिवसांत रुळावर येतात, खोकला मात्र मागे राहतो. दहापैकी नऊ बाळांचा खोकला तीन आठवड्यांत जातो. बाळ नीट पीत असेल, खेळत असेल, तर त्या खोकल्यावर औषध शोधू नका. दूध पुन्हा घटलं, श्वास पुन्हा वाढला, किंवा तीन आठवड्यांनंतरही खोकला तसाच राहिला, तर वही घेऊन पुन्हा या. तोवर बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे, आणि सर्दी झालेल्या पाहुण्यांनी बाळाला लांबूनच बघायचं.